जपानमधले अणुऊर्जाविरोधी आंदोलन : रस्त्यावर लाखो माणसे, मग मतपेटीत काय झाले?

प्रश्न – वाटसरू

फुकुशिमानंतरच्या जपानी राजकारणाविषयी गेले काही महिने सवडीने वाचतो आहे आणि दर वेळी एकाच विसंगतीपाशी येऊन अडतो आहे. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा जपानमध्ये ५४ अणुभट्ट्या होत्या आणि देशाची सुमारे तीस टक्के वीज त्यांतून येत होती. फुकुशिमा दाइइची प्रकल्पातील तीन भट्ट्यांमधले इंधन वितळले आणि दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. नेहमीच्या तपासणीसाठी बंद झालेल्या इतर भट्ट्या पुन्हा सुरू करायला त्यानंतर कोणी धजावेना. अखेर ५ मे २०१२ रोजी होक्काइदोमधील तोमारी येथील शेवटची भट्टी थांबली आणि १९७० नंतर प्रथमच देशातील अणुवीज शून्यावर आली. त्याच उन्हाळ्यात, १६ जुलै रोजी तोक्योच्या योयोगी उद्यानात झालेल्या सभेला आयोजकांच्या मते १ लाख ७० हजार लोक जमले होते (पोलिसांचा आकडा साहजिकच बराच कमी होता). नोबेलविजेते ओए केन्झाबुरो यांच्यासारखी माणसे या चळवळीच्या पुढच्या रांगेत होती.

असे असूनही डिसेंबर २०१२ च्या निवडणुकीत, ज्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या कारकिर्दीत या बहुतेक भट्ट्या उभ्या राहिल्या, तोच पक्ष ४८० पैकी २९४ जागा जिंकून सत्तेवर परतला. ऑगस्ट २०१५ मध्ये कागोशिमातील सेन्दाई प्रकल्प सुरू झाला आणि त्यामागोमाग इतरही होत गेले. फेब्रुवारी २०२५ च्या राष्ट्रीय ऊर्जा आराखड्यातून तर ‘अणुऊर्जेवरील अवलंबन शक्य तितके कमी करू’ हे वाक्यच वगळण्यात आले, आणि २०४० मध्ये सुमारे वीस टक्के वीज अणुऊर्जेतून मिळवण्याचे उद्दिष्ट नोंदवले गेले.

माझे प्रश्न दोन आहेत. ज्या देशाने हिरोशिमा आणि नागासाकी पाहिले, त्याने मुळात इतक्या भट्ट्या स्वीकारल्या कशा? आणि २०१२ मधला एवढा मोठा लोकक्षोभ मतांत का उतरला नाही? ‘जपानी माणूस मुळातच आज्ञाधारक असतो’ या छापाची उत्तरे मी वाचलेली आहेत आणि ती मला पटलेली नाहीत. तेव्हा घटना आणि संस्था यांच्या आधारे कोणी समजावून सांगितले तर आभारी राहीन.


प्रतिसाद १ – जुनी_पाने

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९५४ च्या मार्च महिन्यात दडलेले आहे, आणि त्या महिन्याच्या तारखा एकापुढे एक मांडल्या की चित्र बरेच स्पष्ट होते. १ मार्च रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यु मारू’ या ट्यूना पकडणाऱ्या जपानी नौकेवरील २३ खलाशांवर पडली. नौका अजून परतीच्या वाटेवरच होती तेव्हा, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात, तोक्योमध्ये नाकासोने यासुहिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुभट्टीच्या संशोधनासाठी २३ कोटी ५० लाख येनांची तरतूद संसदेच्या अंदाजपत्रकात घालून घेतली. नौकेची बातमी १६ मार्चला फुटली, आणि ती छापली ‘योमिउरी’ या वृत्तपत्राने. या वृत्तपत्राचे मालक शोरिकी मात्सुतारो पुढे १९५६ मध्ये जपानच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले.

त्या वर्षी मासळी बाजारात ट्यूना घ्यायला कोणी तयार नव्हते. किरणोत्सारी ठरलेले मासे मोजून बाजूला काढून पुरावे लागत होते. तोक्योच्या सुगिनामी वॉर्डातील मासळी विक्रेते आणि गृहिणी यांनी अण्वस्त्रचाचण्यांविरुद्ध सह्यांची मोहीम सुरू केली आणि वर्षभरात देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमात पहिली जागतिक परिषद भरली ती या मोहिमेच्या जोरावर. युद्धोत्तर जपानमधील ही बहुधा सर्वांत व्यापक लोकचळवळ होती, पण तिचे लक्ष्य बाँब हे होते. त्याच काळात ‘शांततेसाठी अणू’ हे प्रदर्शन जपानी शहरांतून फिरत होते, आणि १९५६ मध्ये ते थेट हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात मांडले गेले. त्यासाठी जागा व्हावी म्हणून बाँबने होरपळलेल्या वस्तू काही काळ दुसरीकडे हलवण्यात आल्या. हा तपशील मला नेहमी अस्वस्थ करतो, परंतु त्यावरून हिरोशिमाकरांना कोणी फसवले असा सोपा निष्कर्ष काढणेही बरोबर नाही. बाँबपीडितांची देशव्यापी संघटना ‘हिदांक्यो’ त्याच वर्षी स्थापन झाली, आणि विनाशाकडे नेणारी ही शक्ती मानवाच्या सुखाकडे वळवली जावी ही आकांक्षा तिच्या स्थापनेच्या घोषणापत्रातच व्यक्त झालेली आहे. ज्याने सर्वस्व हिरावून घेतले त्याच्यातून काही चांगले निघावे असे त्या माणसांना वाटले असेल, तर त्यात नवल काय? संघटनेचे एक संस्थापक मोरिताकी इचिरो सत्तरीच्या दशकात वेगळ्या निष्कर्षाला आले आणि अणू व मानव एकत्र नांदू शकत नाहीत, असे जाहीरपणे मांडू लागले. संपूर्ण संघटनेला तिथवर यायला मात्र २०११ उजाडावे लागले.

दरम्यान बाँबविरोधी चळवळीत फूट पडली होती. सोव्हिएत संघाच्या चाचण्यांचाही निषेध करायचा की नाही, या वादातून समाजवादी गट बाहेर पडला आणि १९६५ मध्ये त्याने ‘गेन्सुइकिन’ ही स्वतंत्र संघटना काढली. ‘गेन्सुइक्यो’ ही मूळ संघटना कम्युनिस्टांच्या प्रभावाखाली राहिली. नंतरच्या पिढीतील अनेक कार्यकर्त्यांना पक्षांच्या झेंड्यांची जी धास्ती वाटत आली, तिची मुळे मला या फुटीत दिसतात.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो. १९७४ मध्ये पंतप्रधान तानाका काकुएई यांच्या सरकारने वीजप्रकल्पांविषयीचे तीन कायदे केले. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक युनिटवर कर बसवून तो पैसा प्रकल्प स्वीकारणाऱ्या गावांना सभागृहे, शाळा, क्रीडांगणे, रस्ते यांच्या रूपाने मिळू लागला. पण अनुदान काही वर्षांत आटते आणि यंत्रसामग्री जुनी होते तसा मालमत्ता करही घटतो, मात्र बांधून ठेवलेल्या सभागृहांचा देखभालीचा खर्च तेवढाच राहतो. परिणामी एक भट्टी स्वीकारलेल्या गावाला दुसरी हवीशी वाटू लागते. फुकुशिमा दाइइचीच्या सहापैकी दोन भट्ट्या ज्या फुताबा गावाच्या हद्दीत होत्या, त्याच्या नगरसभेने १९९१ मध्ये सातवी आणि आठवी भट्टी मागणारा ठराव संमत केला होता. याच गावाच्या मुख्य रस्त्यावर कमान होती : ‘अणुशक्ती – उज्ज्वल भविष्याची ऊर्जा’. ही ओळ गावातल्या एका शाळकरी मुलाने गृहपाठ म्हणून लिहिली होती. अपघातानंतर मोठा झालेला तोच माणूस, कमान काढू नका, पुढच्यांना दिसली पाहिजे, म्हणून अधिकाऱ्यांशी झगडत राहिला. कमान काढली गेलीच, परंतु तिची अक्षरे आज फुताबातील आपत्ती संग्रहालयात आहेत.


प्रतिसाद २ – संध्याकाळची_लोकल

२०१२ साली मी नोकरीनिमित्त तोक्योमध्ये होतो, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नावर थोडे लिहितो. मार्च २०१२ च्या अखेरीपासून दर शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात पंतप्रधानांच्या कार्यालयासमोर निदर्शने होत असत. सुरुवातीला काहीशेच माणसे होती. ओई येथील भट्ट्या सुरू करण्याचा निर्णय जूनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या नोदा सरकारने घेतल्यावर मात्र गर्दी इतकी फुगली, की लोक पदपथावरून उतरून संपूर्ण रस्ता व्यापू लागले. कार्यालयातून थेट आलेले टाय लावलेले पुरुष, बाबागाड्या घेऊन आलेल्या आया, आणि ज्यांना बहुधा साठीच्या दशकातील विद्यार्थी आंदोलने आठवत असावीत असे पांढऱ्या केसांचे लोक, सगळे ‘साइकादो हान्ताई’, म्हणजे भट्ट्या पुन्हा सुरू करू नका, एवढी एकच घोषणा ढोलाच्या ठेक्यावर देत होते. मुलांसह आलेल्यांसाठी वेगळी जागा राखलेली होती. अणुऊर्जेशी संबंध नसलेले फलक आणि संघटनांचे झेंडे आणू नयेत, असे आयोजक पुन्हा पुन्हा सांगत, आणि आठ वाजले की ध्वनिक्षेपकावरून आभार मानून सभा संपवत. मोठ्या वाहिन्या सुरुवातीला या गर्दीची पुरेशी दखल घेईनात, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून हेलिकॉप्टर भाड्याने घेतले आणि वरून छायाचित्रे काढवली.

ही शिस्त म्हणजे शेळपटपणा असल्याची टीका तेव्हाही झाली. मला ती अन्यायकारक वाटते, कारण सत्तरीच्या दशकातील हिंसक गटांमुळे ‘निदर्शक’ या प्राण्याविषयी मध्यमवर्गात जी भीती बसली होती, ती या शिस्तीमुळेच ओसरली. पण तिची किंमतही होती. एकाच मुद्द्यावर, पक्षांना दूर ठेवून उभारलेली चळवळ निवडणूक आली तेव्हा कोणाला मत द्या असे सांगूच शकत नव्हती.

आता निवडणुकीकडे पाहा. लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला प्रमाणशीर मतदानात (जिथे पक्षाला मत देतात आणि मतांच्या प्रमाणात जागा मिळतात) मिळालेली मते २८ टक्क्यांहूनही कमी होती. एकसदस्यीय मतदारसंघांत त्याला सुमारे ४३ टक्के मते पडली आणि त्यांवर ३०० पैकी २३७ जागा मिळाल्या. मतदान ५९ टक्क्यांच्या आसपास म्हणजे तोवरच्या युद्धोत्तर नीचांकावर होते. अणुऊर्जा सोडू म्हणणारे पक्ष अनेक होते आणि ते एकाच मतदारसंघात एकमेकांविरुद्ध उभे होते. शिगा प्रांताच्या राज्यपाल कादा युकिको यांनी नोव्हेंबरच्या अखेरीस काढलेल्या ‘भविष्य पक्षा’कडे इतर गटांतून आलेले साठाहून अधिक विद्यमान खासदार होते, त्यांतून निवडून आले नऊ. पक्ष निवडणुकीच्या तोंडावर घाईघाईने उभा केला आणि त्यात जुने मुरब्बी राजकारणी शिरले, त्यामुळे शुक्रवारच्या गर्दीतील फार कमी लोकांना तो आपला वाटला असावा, असे माझे मत आहे.

सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाची कोंडी आणखी वेगळी होती. २०१२ च्या उन्हाळ्यात सरकारने २०३० मधील अणुविजेच्या वाट्यासाठी शून्य, पंधरा आणि वीस ते पंचवीस टक्के असे तीन पर्याय लोकांपुढे ठेवले. सुमारे ८९ हजार लेखी अभिप्राय आले आणि त्यांतले जवळजवळ ८७ टक्के शून्याच्या बाजूचे होते. अभिप्राय लिहिणारे लोक मुळातच तीव्र मतांचे असतात हे खरे, पण म्हणूनच सरकारने यादृच्छिक निवडलेल्या २८५ नागरिकांना दोन दिवस एकत्र बसवून चर्चाही घडवली, आणि तीतदेखील शून्य मागणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावरून निम्म्याच्या जवळ गेले. सप्टेंबरमध्ये ‘२०३० च्या दशकात शून्य’ असे धोरण जाहीर झाले खरे, पण मंत्रिमंडळाने तो मूळ दस्तऐवज मंजूर केला नाही. वापरलेले अणुइंधन पुन्हा वापरण्याजोगे करण्याचा, म्हणजे पुनर्प्रक्रियेचा प्रकल्प ज्या आओमोरी प्रांतात आहे तो म्हणू लागला, की पुनर्प्रक्रियाच सोडणार असाल तर आमच्याकडे साठवलेले वापरलेले इंधन परत घेऊन जा. उद्योगजगत आणि अमेरिका यांनी नाराजी कळवली. ज्या कामगार महासंघाच्या बळावर हा पक्ष निवडणुका लढवत असे, त्यात वीज कंपन्यांच्या संघटना वजनदार होत्या. थोडक्यात, रस्त्यावरील लोकांना ज्याच्याकडून अपेक्षा होती त्या पक्षाचे हात आतूनच बांधलेले होते.


प्रतिसाद ३ – खाडीपलीकडे

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण दोन्ही तोक्योमधून पाहणारे आहेत आणि आपला प्रश्नही तसाच आहे. जपानमधील अणुऊर्जाविरोधी चळवळीचे यशापयश संसदेच्या जागांवर मोजले तर ती हरलेली दिसणारच. तिचे खरे काम नकाशावर नसलेल्या ठिकाणी झालेले आहे. जे प्रकल्प उभेच राहिले नाहीत, त्यांची नावे कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

शिकोकूमधील कुबोकावा गावात १९८१ मध्ये लोकांनी प्रकल्पाला अनुकूल असलेल्या महापौराला परत बोलावले. सार्वमत घेईन असे आश्वासन देऊन तो पुन्हा निवडून आला आणि १९८२ मध्ये सार्वमताचा देशातील पहिला स्थानिक नियम तिथे झाला. प्रत्यक्ष मतदान कधी झालेच नाही, परंतु १९८८ पर्यंत प्रकल्प मावळला होता. मिए प्रांतातील आशिहामा येथे मच्छीमार १९६३ पासून लढत होते. २००० साली राज्यपालांनीच योजना रद्दबातल करण्याची भूमिका घेतली आणि कंपनीने माघार घेतली. म्हणजे दोन पिढ्या त्या एकाच भांडणात मोठ्या झाल्या.

निइगाता प्रांतातील माकी गावाची हकिकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. तिथे प्रकल्पाचे विरोधक वर्षानुवर्षे निवडणुका हरत होते. नव्वदीच्या दशकात साके गाळणारा एक स्थानिक व्यावसायिक, सासागुची ताकाआकी, आणि त्याच्यासारखी काही दुकानदार-व्यापारी मंडळी पुढे आली. आम्ही बाजूचे की विरोधातले हे महत्त्वाचे नाही, गावाला विचारा, एवढीच त्यांची मागणी होती. नगरपालिकेने सार्वमत नाकारले, तेव्हा १९९५ च्या हिवाळ्यात त्यांनी स्वखर्चाने खासगी सार्वमत घेतले, आणि त्यासाठी सार्वजनिक सभागृहेही मिळू दिली गेली नाहीत. तरी ४५ टक्के मतदारांनी येऊन मत टाकले. पुढे महापौराला पायउतार व्हावे लागले, सासागुची महापौर झाले, आणि ४ ऑगस्ट १९९६ रोजी अधिकृत सार्वमत झाले. ८८ टक्के मतदान झाले. १२,४७८ मते विरोधात पडली, ७,९०४ बाजूने. हे सार्वमत कायद्याने बंधनकारक नव्हते. म्हणून १९९९ मध्ये महापौरांनी प्रकल्पाच्या आराखड्यातला नगरपालिकेचा जमिनीचा एक तुकडा गाजावाजा न करता प्रकल्पविरोधी नागरिकांना विकून टाकला. कंपनी न्यायालयात गेली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत हरली, आणि डिसेंबर २००३ मध्ये तिने योजना सोडली. घोषणा, मोर्चे, तज्ज्ञांचे अहवाल हे सगळे झालेच होते, पण खीळ बसली ती खरेदीखताने.

त्याच डिसेंबर २००३ मध्ये नोतो द्वीपकल्पाच्या टोकावरील सुझु शहरातील प्रकल्पही तीन वीज कंपन्यांनी गुंडाळला. तिथे १९८९ मध्ये नागरिकांनी नगरपालिकेच्या इमारतीत चाळीस दिवस ठाण मांडले होते आणि १९९३ ची महापौरपदाची निवडणूक मतमोजणीतील घोळामुळे न्यायालयाने रद्द ठरवली होती. भावाभावांत बोलणे बंद व्हावे इतके ते शहर दुभंगलेले होते. १ जानेवारी २०२४ रोजी नोतोमध्ये ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचे केंद्र याच सुझुच्या परिसरात होते. किनारा काही ठिकाणी मीटरांनी वर उचलला गेला, घरे कोसळली आणि रस्ते तुटून वस्त्या दिवसेंदिवस एकाकी पडल्या. प्रकल्पासाठी ठरलेले ताकाया हे ठिकाणही अशाच अलग पडलेल्या वस्त्यांपैकी होते. त्या रस्त्यांवरून कोणाला कसे बाहेर काढले असते, याचे उत्तर देण्याची वेळ आज कोणावर आलेली नाही, याचे श्रेय कोणाला द्यायचे?

यशोगाथा मात्र मी सांगत नाही. नव्या जागा मिळेनाशा झाल्या, तेव्हा कंपन्यांनी जुन्या जागांवरच भट्ट्या वाढवल्या : काशिवाझाकी-कारिवाला सात, फुकुशिमा दाइइचीला सहा, ओई आणि ताकाहामाला चार-चार. एकाच आवारातील एकामागून एक भट्टी हाताबाहेर गेली, एकीतला स्फोट दुसरीच्या दुरुस्तीच्या आड आला, ही २०११ मधली अवस्था भट्ट्यांच्या या गर्दीचेही फळ होती. विरोध करू शकणाऱ्या गावांनी स्वतःला वाचवले आणि धोका आधीच मिंध्या झालेल्या गावांत साचत गेला, हे कटू असले तरी मान्य करावे लागेल.

आणि काही ठिकाणी लढा अजून संपलेलाच नाही. सेतो अंतर्समुद्रातील इवाइशिमा बेटासमोर, कामिनोसेकी येथे, १९८२ पासून प्रकल्प योजलेला आहे. तेव्हापासून बेटावरच्या बायका दर सोमवारी संध्याकाळी गल्ल्यांतून फेरी काढत आल्या आणि मच्छीमारांनी एक अब्ज येनांहून अधिक नुकसानभरपाई नाकारली. भट्टी आजवर उभी राहिलेली नाही. पण बेट म्हातारे झाले आहे, आणि २०२३ मध्ये कामिनोसेकीच्या महापौरांनी वापरलेल्या इंधनाच्या साठवणकेंद्रासाठी पाहणी करण्यास होकार दिला.


प्रतिसाद ४ – विद्युत_अभियंता

चर्चा एकतर्फी होऊ नये म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी अणुऊर्जेचा समर्थक आहे आणि जपानी जनता भाबडी किंवा दबलेली आहे म्हणून भट्ट्या परत आल्या, असे मला वाटत नाही. २०१० मध्ये जपानची ऊर्जा-स्वयंपूर्णता सुमारे वीस टक्के होती, ती २०१४ पर्यंत सहा टक्क्यांच्या आसपास घसरली. २०११ मध्ये तीन दशकांनंतर प्रथमच व्यापारात तूट आली. तिचे एक मोठे कारण आयात केलेला नैसर्गिक वायू हे होते. शेजाऱ्यांशी वीजवाहिन्या जोडलेल्या नसलेल्या बेटांच्या देशाला हे परवडत नाही. युक्रेनवरील आक्रमणानंतर वीजबिले वाढली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘आसाही’ या अणुऊर्जेविषयी सातत्याने साशंक असलेल्या वृत्तपत्राच्या चाचणीत भट्ट्या सुरू करण्याच्या बाजूने ५१ टक्के, विरोधात ४२ टक्के लोक निघाले. २०११ नंतर प्रथमच पारडे फिरले होते. हे कोणी लादले नाही.

दुसरा मुद्दा चळवळीच्या एका दोषाचा. फुकुशिमा प्रांतात भूकंप आणि त्सुनामीने थेट सुमारे १,६०० लोक गेले; नंतरच्या विस्थापनातील हाल, उपचारांतील खंड, एकाकीपणा यांमुळे झालेले मृत्यू २,३०० हून अधिक नोंदले गेले आहेत. किरणोत्साराइतकीच त्याची भीतीही जीवघेणी ठरू शकते. आंदोलनातील काही आवाजांनी ‘फुकुशिमात माणसांनी राहूच नये’ अशी भाषा वापरली, तिचा फटका तिथल्या शेतकऱ्यांना आणि परप्रांतांतील शाळांत चिडवल्या गेलेल्या विस्थापित मुलांना बसला. प्रांताने २०१२ पासून भाताचे प्रत्येक पोते तपासले, वर्षाला सुमारे एक कोटी पोती, आणि २०१५ च्या पिकापासून एकही पोते किलोमागे १०० बेक्वेरेल (किरणोत्साराचे एकक) या मर्यादेपुढे गेले नाही. तरीही ग्राहक परतायला वर्षे लागली.

कंपन्यांचे वर्तन मात्र मी समर्थनीय मानत नाही. फुकुशिमा दाइइची चालवणाऱ्या तोक्यो विद्युत कंपनीने तपासणीच्या नोंदींत केलेली फेरफार २००२ मध्ये उघड झाली. १९९५ मध्ये मोन्जू भट्टीत सोडियमची गळती झाली, तेव्हा तिची चित्रफीत दडवली गेली. २०११ च्या अपघातानंतर काही महिन्यांतच क्यूशू विद्युत कंपनीने, गेन्काई भट्टीविषयीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाला सामान्य नागरिक म्हणून अनुकूल पत्रे पाठवा, असे कर्मचाऱ्यांना सुचवले. तंत्रज्ञानाच्या समर्थकांचे एवढे नुकसान कोणत्याही मोर्चाने केलेले नाही.


प्रतिसाद ५ – खाडीपलीकडे

विद्युत_अभियंता, भीतीमुळे झालेल्या हानीचा आपला मुद्दा मला मान्य आहे. फक्त त्यातली जबाबदारी चळवळीच्या खात्यावर टाकताना एक गोष्ट विसरू नये. सुरुवातीच्या महिन्यांत लोकांनी अधिकृत आकड्यांवर विश्वास ठेवला नाही, कारण किरणोत्साराचा ढग कुठे जाईल याचे सरकारी संगणकीय अंदाज वेळेवर जाहीरच झाले नव्हते आणि काही कुटुंबे नेमकी त्याच दिशेने गेली होती. त्यानंतर फुकुशिमा प्रांतातील इवाकीमध्ये आयांनी ‘ताराचिने’ ही मापन प्रयोगशाळा काढली आणि त्या स्वतः भाजी, माती, समुद्राचे पाणी मोजायला शिकल्या. त्यांना सरकारने सांगितलेला आकडा खोटा ठरवायचा नव्हता; स्वतः मोजलेला हवा होता. शास्त्रज्ञ ताकागी जिनझाबुरो यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या नागरिकांच्या अणुमाहिती केंद्राचीही परंपरा हीच आहे. तिला भीतीचा प्रचार म्हणता येणार नाही.


प्रतिसाद ६ – वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उभ्या न राहिलेल्या प्रकल्पांच्या अंगाने मी विचारच केला नव्हता. एक उपप्रश्न : बातम्यांत न्यायालयांनी भट्ट्या थांबवल्याचे अधूनमधून येते आणि मग काही महिन्यांत त्या सुरूही होतात. न्यायालयीन मार्गाचा खरोखर काही उपयोग होतो का?


प्रतिसाद ७ – पुरावा_सादर

उपयोग होतो, पण जिंकण्यासाठी नव्हे, वेळ मिळवण्यासाठी. १९९२ मध्ये शिकोकूमधील इकाता अणुप्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले, की न्यायाधीशांनी भट्टी सुरक्षित आहे का हे स्वतः ठरवायचे नाही; तज्ज्ञांच्या परीक्षणात अक्षम्य चूक किंवा उणीव राहिली का, एवढेच पाहायचे. या चौकटीत फिर्यादी दशकानुदशके हरत आले. २००६ मध्ये कानाझावाच्या जिल्हा न्यायालयाने भूकंपाचा धोका कमी लेखल्याचे कारण देऊन नोतो द्वीपकल्पावरील शिका येथील दुसरी भट्टी थांबवण्याचा आदेश दिला, तो वरच्या न्यायालयात टिकला नाही. हीच शिका २०२४ च्या नोतो भूकंपात रोहित्रांचे नुकसान आणि तेलगळती यांमुळे चर्चेत आली. सुदैवाने ती तेव्हा बंद होती.

२०११ नंतर खालच्या न्यायालयांचा सूर बदलला. मे २०१४ मध्ये फुकुई जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश हिगुची हिदेआकी यांनी ओईच्या दोन भट्ट्यांविरुद्ध निकाल देताना लिहिले, की व्यापारातील तूट वाढली म्हणून राष्ट्राची संपत्ती गेली असे म्हणता येत नाही. सकस भूमी आणि तिच्यात मुळे रोवून जगणारी माणसे हीच संपत्ती. मार्च २०१६ मध्ये शेजारच्या शिगा प्रांतातील नागरिकांच्या अर्जावर ओत्सूच्या न्यायालयाने ताकाहामाची चालू भट्टी थांबवायला लावली आणि ती दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष थांबली. प्रकल्पाचे पैसे मिळतात फुकुईला, पण बिवा सरोवराचे पाणी पितात कोटीहून अधिक लोक, हा वाद त्यामुळे ऐरणीवर आला. डिसेंबर २०१७ मध्ये हिरोशिमा उच्च न्यायालयाने आसो ज्वालामुखीच्या धोक्यावरून इकाताची भट्टी रोखली. हे सगळे आदेश पुढे उठवले गेले. मात्र मार्च २०२१ मध्ये मितो जिल्हा न्यायालयाने तोक्योच्या ईशान्येकडील तोकाई-२ या भट्टीविषयी घेतलेला पवित्रा मला सर्वांत दूरगामी वाटतो. तीस किलोमीटरच्या आत सुमारे ९ लाख ४० हजार लोक राहतात आणि त्यांना बाहेर काढण्याची अंमलात येऊ शकेल अशी योजना नाही, म्हणून भट्टी चालवू नये, असे न्यायालय म्हणाले. हा प्रश्न समजायला अणुभौतिकी लागत नाही. नोतोचे तुटलेले रस्ते पाहिल्यावर तो टाळणेही कठीण झाले आहे.

दोष निश्चित करण्यात मात्र न्यायालये फारशी पुढे गेलेली नाहीत. संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये अपघात मानवनिर्मित ठरवला होता. रुग्णालयातून हलवताना दगावलेल्या रुग्णांसह ४४ मृत्यूंबद्दल तोक्यो विद्युत कंपनीच्या माजी प्रमुखांवर खटला चालला आणि ते तिन्ही पातळ्यांवर सुटले. भागधारकांच्या दाव्यात २०२२ मध्ये १३ लाख कोटी येनांहून अधिक भरपाईचा आदेश झाला, तोही २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने फिरवला. आणि लेखी शब्दाचे काय होते हेही दिसले : ‘संबंधितांच्या संमतीशिवाय प्रक्रिया केलेले पाणी (फुकुशिमा दाइइचीतील दूषित पाणी शुद्ध करून साठवलेले) सोडणार नाही’ असे २०१५ मध्ये फुकुशिमाच्या मच्छीमारांना लिहून दिलेले असताना, त्यांचा विरोध कायम असतानाच ऑगस्ट २०२३ मध्ये ते समुद्रात सोडायला सुरुवात झाली. पाणी शास्त्रीय निकषांत बसते, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मान्य केले आहे. मच्छीमारांची तक्रार दिलेला शब्द मोडल्याची आहे.

सध्या पाहण्यासारखी जागा म्हणजे माकीच्याच निइगाता प्रांतातील काशिवाझाकी-कारिवा. तिथली वीज निइगाताला मिळत नाही, तोक्योच्या बाजूला जाते. फुकुशिमाचेही तसेच होते. भट्टी सुरू करण्याविषयी प्रांताचे सार्वमत घ्यावे म्हणून २०२५ मध्ये १ लाख ४० हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन दिले गेले. प्रांतिक विधानसभेने ते एप्रिलमध्ये फेटाळले, आणि नोव्हेंबरमध्ये राज्यपाल हानाझुमी यांनी भट्टीला संमती दिली. माकीमध्ये जो प्रश्न गावाला विचारला गेला, तो इथे विचारूच नये असे ठरले. खाडीपलीकडे यांनी सांगितलेल्या गावांच्या बळाला मर्यादा आहे ती हीच : उभ्या न राहिलेल्या भट्टीला गाव अडवू शकते, उभी असलेली भट्टी बंद ठेवण्याचा अधिकार मात्र गावाच्या हाती कोणत्याही कायद्याने दिलेला नाही.